नागडं नाव

३ फेब्रुवारी

संग्रहालयातली हाडांची खोली महिनाअखेर रिकामी करायची आहे. संचालकांनी हे उभ्या उभ्या सांगितलं. छताच्या तुळईला तडा गेला आहे, इंजिनियरचा अहवाल आला आहे, आणि वरच्या मजल्यावर जागा फक्त टाइप नमुन्यांपुरती आहे. बाकीचं जाणार. कुठे, असं मी विचारलं. शहराबाहेर हाडांची भुकटी करणारा कारखाना आहे, तिथे.

टाइप म्हणजे काय हे त्यांना समजावून द्यावं लागलं. ते प्रशासनातून आले आहेत. प्राण्याला नवं नाव द्यायचं तर ते हवेत ठेवता येत नाही. एक कवटी, एक कातडं, असं काहीतरी निवडून त्यावर नाव टांगावं लागतं. ती खुंटी म्हणजे टाइप. खुंटी फेकता येत नाही.

"तुमच्याकडे अशा खुंट्या किती?"

"सस्तन प्राण्यांत एक. कदाचित."

"कदाचित म्हणजे?"

म्हणजे कवटी क्रमांक ४१. हार्प सील या उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रातल्या प्राण्याच्या एकशे बारा कवट्यांपैकी एक. या कवट्यांवरून हार्प सीलची एक नवी उपजाती आहे असं तीस वर्षांपूर्वी आमच्याच विभागाच्या प्रमुखांनी ठरवलं आणि तिला नाव दिलं. ते नाव नियमाने उभं राहतं का, हे मी पंचवीस तारखेपर्यंत लेखी द्यायचं आहे. उभं राहिलं तर ४१ बरोबर तिची पूर्ण मालिका वर जाईल. नाही तर कारखाना.

तेव्हाचे ते विभागप्रमुख माझे वडील आहेत, म्हणून हे काम दुसऱ्या कोणाला द्यावं, असं मी म्हणाले.

"दुसरं आहे कोण?"

हे खरं आहे. विभागात मी एकटी आहे.

४ फेब्रुवारी

घरी सांगितलं. बाबा खुर्चीत ताठ बसले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या नसा गेल्या. आता खिडकी कुठे आहे एवढं कळतं.

"शेवटी दखल घेतली म्हणायची! काय गं मोजपट्टी, उभं राहील ना?"

मला ते लहानपणापासून मोजपट्टी म्हणतात.

"तपासल्यावर सांगेन."

"तपास, तपास. तुझ्या आईचं नाव आहे ते. जगात किती बायकांच्या नावाचा सील आहे, सांग बघू?"

"नशीबवान आहेत बाकीच्या," आई म्हणाली. ती मटार सोलत होती.

बाबा हसले. मग नेहमीचं सुरू झालं: पन्नास प्रती पाठवल्या, पन्नास ठिकाणी, एकाही गाढवाचं उत्तर आलं नाही. मला आठवतं तेव्हापासून रोज अकराच्या सुमारास बाबा विचारायचे, "पोस्टमन येऊन गेला?" शाळेच्या सुट्टीत मी घरी असायचे तेव्हा उत्तर देण्याचं काम माझं. पुढे एका परिषदेत सील विषयातला एक मोठा अभ्यासक त्यांना म्हणाला, तुमचा लेख मला मिळालाच नाही. बाबांनी त्याला चारचौघांत खोटारडा म्हटलं. त्यानंतर त्यांना कुठूनही बोलावणं आलं नाही. ही गोष्ट ते अजून विजयाची म्हणून सांगतात.

आई टरफलं घेऊन आत गेली.

६ फेब्रुवारी

वर्गीकरणाचा इतिहास लिहून काढला. अहवालाचं पहिलं पान.

हार्प सीलचं आजचं नाव पॅगोफिलस ग्रोएनलँडिकस (अर्क्सलेबेन, १७७७). पहिला शब्द प्रजाती: बर्फावर प्रेम करणारा. दुसरा शब्द जाती: ग्रीनलँडचा. अर्क्सलेबेनने नाव दिलं तेव्हा हा प्राणी फोका या प्रजातीत होता. फोका लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून ग्रोएनलँडिका. पुढे त्याला वेगळं काढून पॅगोफिलसमध्ये ठेवलं, ते पुल्लिंगी, म्हणून शेवट बदलून ग्रोएनलँडिकस. नाव देणाऱ्याचं नाव कंसात घालतात त्याचा अर्थ एवढाच, की मूळ प्रजाती आता बदलली आहे.

बाबांनी उपजातीसाठी तिसरा शब्द जोडला, आईच्या नावावरून. त्यात एक चूक आहे, ती मी आधीही पाहिली होती. पुरुषाच्या नावावरून शब्द केला तर एक शेवट लागतो, बाईच्या नावावरून केला तर दुसरा. बाबांनी पहिला लावला. विचारलं की छापणाऱ्यावर ढकलतात.

रात्रीच्या जेवणाला आईने विचारलं, एवढं काय लिहिते आहेस. मी कंसाचा नियम सांगितला.

"म्हणजे घर बदललं की बापाचं नाव कंसात," ती म्हणाली. "आम्हाला कोणी कंससुद्धा दिला नाही."

"तुझ्या नावाचा शेवट मात्र पुरुषाचा आहे."

"माहीत आहे. बाप्या करून टाकलं मला."

तिला लॅटिन कसं कळतं हे मी विचारलं नाही. मी जन्मायच्या आधी ती याच विभागात साहाय्यक होती. तिथे कानावर पडलं असेल.

९ फेब्रुवारी

अडचण आहे.

नावाला दोन गोष्टी लागतात: छापलेलं वर्णन, आणि त्या छापील प्रती लोकांपर्यंत पोचलेल्या असणं. त्या वर्षीच्या संग्रहालयाच्या वार्षिक यादीत नाव आहे. यादी सगळीकडे गेली, त्याच्या पोचपावत्या आहेत. पण यादीत वर्णन नाही, नुसतं नाव. वर्णन आहे ते बाबांनी वेगळ्या काढलेल्या आठ पानी पत्रिकेत. ती मी पाहिली आहे. बाबांच्या कपाटात एक प्रत आहे. दुसरी कुठे सापडत नाही. आज अकरा ग्रंथालयांना विचारलं.

वर्णनाशिवाय छापलेल्या नावाला लॅटिनमध्ये जे म्हणतात त्याचा शब्दशः अर्थ 'नागडं नाव'. भांडार सांभाळणाऱ्या मावशींना मी हे सांगितलं, कारण त्या शेजारीच बसून चिठ्ठ्या चिकटवत होत्या.

"अगं बाई," मावशी म्हणाल्या, "तुझ्या आईचं नाव, आणि नागडं? जुन्या साहेबांना सांगू नकोस हो."

"पत्रिका सापडली तर अंगावर कपडे येतील."

"मग शोध. तीस वर्षं थंडीत उभं आहे बिचारं."

त्या रिटायर व्हायला आल्या आहेत. आईबरोबर त्यांनी चार वर्षं काम केलं आहे. पत्रिकांचा गठ्ठा आठवतो का, विचारलं. त्यांनी चिठ्ठीला डिंक लावला, पुसला, पुन्हा लावला.

"मला कुठचं आठवायला. सात नंबरचं कपाट हलवलंस का कधी?"

सात नंबरचं कपाट लोखंडी आहे. ते कोणीच कधी हलवलेलं नाही.

१२ फेब्रुवारी

कपाट हलवायला चार हमाल लागले. मागच्या फटीत भिंतीला टेकवलेला गठ्ठा होता, जाड कागदात, सुतळीने बांधलेला. आत पन्नास पाकिटं. प्रत्येकात पत्रिकेची एक प्रत. सगळ्यांवर पत्ते, सगळ्यांवर तिकिटं. एकाही तिकिटावर शिक्का नाही.

पत्ते आईच्या अक्षरात आहेत.

गठ्ठ्याखाली लाकडी पेटी होती. तिच्यात काचपट्ट्या, दातांचे काप. मोजल्या: एकशे बारा. प्रत्येकीवर कवटीचा क्रमांक आणि पेन्सिलीने एक आकडा. तेही अक्षर आईचं.

अर्थ उघड आहे. पाकिटं तयार झाली, पोस्टात टाकायला शिपायाकडे दिली, आणि त्याने कंटाळून कपाटामागे ढकलली. अशी माणसं असतात. पेटी चुकून सोबत गेली.

१३ फेब्रुवारी

मावशींना शिपायाबद्दल विचारलं. त्या वर्षी विभागाला शिपाई नव्हता, असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस, मी काय सांगणार."

दातांचे काप कशासाठी ते लिहून ठेवते, कारण अहवालात हे लागेल. सीलच्या सुळ्यात दर वर्षी एक थर चढतो. सुळा आडवा कापून पातळ चकती घासली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली की थर मोजता येतात, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे. एका चकतीला साधारण अर्धा दिवस लागतो. एकशे बारांना किती लागला असेल ते मी काढलं: छप्पन्न दिवस, दुसरं काही न करता.

बाबांच्या पत्रिकेत काचपट्ट्यांचा उल्लेख नाही. वयाबद्दल एकच वाक्य आहे: "सर्व नमुने पूर्ण वाढ झालेले आहेत." आधार म्हणून सील मारणाऱ्या जहाजाच्या कप्तानाचा शब्द दिला आहे.

१७ फेब्रुवारी

तीन दिवस नोंद नाही. मोजत होते.

आधी आईचे आकडे कागदाने झाकून स्वतः मोजलं, मग ताडून पाहिलं. एकशे नऊ जुळले. तीन ठिकाणी एका थराचा फरक. त्यातल्या दोन ठिकाणी ती बरोबर आहे.

एकही जनावर चार वर्षांच्या पुढचं नाही.

म्हणजे उपजाती नाही. बाबांची तीन लक्षणं होती: कवटी लहान, अंगावर ठिपके, पाठीवर हार्प या तंतुवाद्याच्या आकाराचा काळा पट्टा नाही. ही तिन्ही हार्प सीलच्या कोवळ्या वयाची लक्षणं आहेत. पाठीवरचा पट्टा मोठेपणी येतो. सील मारणारे खलाशी वयाप्रमाणे वेगवेगळी नावं ठेवतात. पांढऱ्या लोकरीचं पिल्लू, लोकर झडणारं फाटकं, मग ठिपक्यांचं. कप्तानाला हे माहीत असणारच. बाबांनी काय विचारलं आणि त्याने काय ऐकलं, कोण जाणे.

बाबांनी पोरांची कवटी मापली आणि तिला वेगळी जमात म्हटलं.

हे वाक्य अहवालात असं जाणार नाही.

१८ फेब्रुवारी

बाबा झोपले होते तेव्हा पेटी घरी आणून आईपुढे ठेवली. तिने झाकण काढलं, एक पट्टी उचलून खिडकीकडे धरली.

"घासताना एक फुटली होती. पुन्हा केली होती. सत्त्याऐंशी."

"तुला वयं माहीत होती."

"मोजली मीच, तर माहीत नसणार?"

"बाबांना सांगितलंस?"

"तीनदा. तिसऱ्यांदा म्हणाले, तू काप चांगले करतेस, निष्कर्ष माझ्यावर सोड."

मग ती सलग बोलली. आठवतं तसं लिहिते. "पत्रिका छापून येईपर्यंत मला दाखवलीच नाही. भेट म्हणून ठेवली होती. मी पत्ते लिहिले, तिकिटं चिकटवली, आणि म्हटलं एक प्रत वाचावी तरी. पहिल्या पानावर माझं नाव, सीलला दिलेलं. शेवटच्या पानावर यांचं. माझी मोजणी कुठेच नाही. पन्नास ठिकाणी हे जाणार, आणि कोणीतरी एक दात कापून बघणार, की झालं. हसणार लोक. यांना हसणार आणि माझ्या नावाने हसणार. वाटलं, उद्या सांगू. तुझ्या वेळचा सातवा महिना होता. हे इतके खूश होते, शीळ घालत फिरायचे. उद्याचा परवा झाला. मग तू झालीस. मग हे पोस्टमनची वाट बघायला लागले. आता सांग, तेव्हा कसं सांगायचं?"

"तू रागाने केलंस, का त्यांना वाचवायला?"

"एकच रकाना भरायचाय का तुला?"

मी तिच्या हातातली पट्टी घेऊन पेटीत ठेवली.

"दोन्ही लिही," आई म्हणाली, आणि झाकण लावलं.

१९ फेब्रुवारी

मला राग आला आहे असं नाही. मला काय झालं आहे ते नीट सांगता येत नाही. सुट्टीत रोज अकरा वाजता मी दारापर्यंत जाऊन येऊन "आज काही नाही" असं सांगत होते. आई तेव्हा स्वयंपाकघरात असायची. तिला ऐकू यायचं.

२० फेब्रुवारी

संचालकांना तोंडी स्थिती सांगितली. पाकिटं कोणी पाठवली नाहीत हे सांगितलं नाही. पाठवली गेली नाहीत एवढंच. जनावरं कोवळी आहेत हेही सांगितलं.

"पण समजा प्रती गेल्या असत्या, तर? प्राणी चुकीचा असला तरी?"

प्रश्न बरोबर होता. प्रती गेल्या असत्या तर नाव चुकीचं, पण रीतसर ठरलं असतं. अशी नावं जुन्या नावाची दुसरी नावं म्हणून यादीत कायमची राहतात. आणि त्यांचा टाइप हा टाइपच राहतो. फेकता येत नाही.

"मग लिहा ना, की काही प्रती तेव्हा वाटल्या गेल्या असाव्यात. असाव्यात. कोण बघायला येतंय? तुमचे वडीलही खूश, तुमच्या कवट्याही राहतील. एक ओळ आहे."

एकच ओळ आहे, हे खरं. बाकी अहवाल शब्दनशब्द तसाच ठेवता येतो.

मावशींचं म्हणणं, आता टाक पोस्टात, तिकिटं लावलेलीच आहेत. त्या हसत होत्या, पण पूर्ण नाही. आज टाकली तर नाव आजच्या तारखेचं होईल, आणि जे खोटं आहे हे मला माहीत आहे ते मीच जगात सोडलेलं असेल.

२२ फेब्रुवारी

हाडांच्या खोलीत दुपारभर बसले. ओळ लिहून पाहिली. "काही प्रती त्या वेळी वितरित झाल्या असाव्यात." व्याकरणदृष्ट्या यात खोटं काही नाही. मला ती ओळ बाबांची वाटली. "सर्व नमुने पूर्ण वाढ झालेले आहेत" हेही त्यांनी असंच लिहिलं असेल, एका दुपारी, खूश असताना.

खोडली.

कवट्यांचं एकूण वजन अंदाजे साठ किलो. कारखान्याच्या माणसाला फोनवर हे सांगावं लागलं.

२३ फेब्रुवारी

अहवाल पूर्ण. सोळा पानं. निष्कर्ष दोन: एक, नाव नियमानुसार प्रसिद्ध झालेलं नाही, दोन, सर्व नमुने पॅगोफिलस ग्रोएनलँडिकसचे अल्पवयीन प्राणी आहेत. संचालकांनी वरचं नावाचं पान बदलून घेतलं. संस्थेचे अहवाल त्यांच्या नावाने जातात. माझा उल्लेख आभारात आहे, "तांत्रिक साहाय्य" म्हणून.

आईने विचारलं, "वर नाव कोणाचं?"

"संचालकांचं. पद्धतच आहे तशी."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. नंतर हसली, किंवा खोकली. तिची तब्येत बरी नसावी. काढा घे म्हटलं.

२५ फेब्रुवारी

बाबांनी सकाळीच दाढी करून घेतली. "वाच," म्हणाले. "सगळं. गाळू नकोस."

मला गाळता आलं असतं. त्यांना कागद दिसत नाही. मी तोंडाने काहीही वाचलं असतं तर तेच त्यांच्यासाठी अहवाल ठरलं असतं. कागद हातात घेतल्यावर हे माझ्या लक्षात आलं, आधी नाही. आई दारात उभी होती, हात पुसत.

वाचायला लागले. इतिहासाच्या पानाला ते मान हलवत होते. वार्षिक यादीला "बरोबर" म्हणाले. मग नववं पान. "पत्रिकेच्या पन्नास प्रती पत्ते व तिकिटांसह संग्रहालयाच्या आवारातच आढळल्या. त्या पाठवल्या गेल्या नाहीत."

"थांब. पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"कोणी पाठवल्या नाहीत?"

"अहवालात तसं लिहिलेलं नाही."

"तुझा अहवाल मला माहीत आहे कसा असतो. कर्ता नसतो त्यात. कोणी?"

"मी," आई म्हणाली.

बाबांनी मान आवाजाकडे वळवली, पण थोडी चुकीच्या बाजूला. आई दारातून हलली नाही. 

"पुढे वाच," ते म्हणाले.

मी दातांचं पान वाचलं. आकड्यांचा तक्ता पूर्ण वाचला, एक ते एकशे बारा. त्यांनी थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "एकही चारच्या पुढे नाही?"

"नाही."

"हिने तेव्हाही हेच सांगितलं होतं."

"एकशे अकरा ठिकाणी तंतोतंत. एका ठिकाणी एका थराने चूक आहे."

"म्हणजे तो खोटं बोलत नव्हता."

कोण, ते मला आधी कळलं नाही. परिषदेतला तो अभ्यासक. त्याला जाऊन सहा वर्षं झाली.

"तीस वर्षं मी दाराकडे बघत बसलो होतो गं," बाबा म्हणाले. मला नाही, आईला.

"आणि मी तुमच्याकडे. मला काय सुख होतं?"

"एकदा म्हणायचं होतंस."

"तीनदा म्हटलं. पहिल्या तीन वेळा ऐकलं असतंत तर चौथ्यांदा म्हणायची वेळच आली नसती."

बाबांनी खुर्चीच्या हाताला धरून उठायचा प्रयत्न केला. मी पुढे झाले. त्यांनी माझा हात बाजूला केला. भिंत चाचपत आतल्या खोलीत गेले. दार लावलं नाही, कारण ते त्यांना सापडलं नाही.

जेवणाचं ताट तसंच परत आलं.

२६ फेब्रुवारी

बाबा आईशी बोलत नाहीत. तिने दिलेलं पाणी पीत नाहीत. मी दिलं तर पितात. म्हणून सकाळी तांब्या भरून ठेवून कामावर गेले. संध्याकाळी आले तेव्हा तो भरलेलाच होता. त्यांना तो कुठे ठेवला आहे ते मी सांगितलं नव्हतं, आणि आईने सांगायला ते विचारणार नव्हते.

संग्रहालयात कवट्यांच्या चिठ्ठ्या बदलायला घेतल्या. जाणाऱ्या मालालाही बरोबर चिठ्ठी हवी, असा नियम आहे. मावशी म्हणाल्या, "भुकटीला काय कळणार तिचं नाव?" पण शेजारी बसून दोरे ओवत राहिल्या.

२७ फेब्रुवारी

आज बाबांनी विचारलं, चिठ्ठीवर काय काय लिहितेस. सांगितलं: क्रमांक, नाव, वय, कुठून आणली, आणि खाली "ओळख ठरवणारे", म्हणजे ज्याने प्राणी कोणता ते ठरवलं त्याचं नाव आणि वर्ष.

"तिथे कोणाचं लिहितेस?"

"अजून कोणाचंच नाही. जुन्या चिठ्ठ्यांवर तुमचं होतं."

ते बराच वेळ बोटांनी चादरीची कड मोजत होते.

"तिचं लिही. वर्ष तेव्हाचं."

हे मी आईला जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती भांडी घासत होती. पाठ माझ्याकडे होती.

"आता? उद्या दळायला जाणाऱ्या हाडांवर?"

"पण मोजणी तुझी आहे. ते खरं आहे."

"एकदा माझं नाव न विचारता लावलं होतं, त्याचं काय झालं ते बघितलंस ना? आता तुम्ही दोघं मिळून पुन्हा लावताय. तोही निरोप तुझ्या हाती. स्वतः येऊन म्हणाले असते तर एक गोष्ट होती." तिने नळ बंद केला. "माझं नाव घालू नकोस. कशावरही."

"मग ओळख ठरवणारे कोण लिहू?"

"लिही, माहीत नाही."

माहीत नाही असं मला लिहिता येत नाही. माहीत आहे.

२८ फेब्रुवारी

सकाळी सातला संग्रहालयात गेले. एकशे बारा चिठ्ठ्यांवर शेवटची ओळ भरायची होती. सव्वाअकराला संपल्या. सगळ्यांवर आईचं नाव, वर्ष तेव्हाचं. शाई वाळायला वेळ हवा होता, पण ट्रक आला.

ट्रकवाल्याने विचारलं, ही कुत्र्यांची का. मी सील म्हटलं. तो म्हणाला, ते दारावर लावतात ते? मावशी हसता हसता खाली बसल्या आणि मग डोळे पुसत राहिल्या. खोकी चढवताना एकाचा तळ फुटला. कवट्या पायरीवर पडल्या, दोन दुभंगल्या. ४१ त्यात नव्हती. ४१ इतरांसारखीच गेली, तिसऱ्या खोक्यात, वरून दुसरी.

काचपट्ट्यांची पेटी नोंदवहीत कधी चढलेलीच नाही, म्हणून ती यादीत नव्हती आणि गेली नाही. ती आता सरकारी दप्तराच्या दृष्टीने अस्तित्वात नाही. माझ्या खणात आहे.

घरी आले तेव्हा बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. आई दुसऱ्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. मधलं दार उघडं. मी दोघांना ऐकू जाईल अशा जागी उभी राहून गेल्या म्हणून सांगितलं. बाबांनी मान हलवली. त्यांनी काही विचारलं नाही. तिचं नाव मी लिहिलं असणार, असं त्यांनी धरलं आहे.

आई म्हणाली, "सगळ्या?"

"सगळ्या."

"नाव घातलंस?"

मी तिच्याकडे बघितलं, आणि मधल्या दारातून बाबांच्या पाठीकडे.

"नाही," म्हणाले.

आईने एक चादर माझ्या हातात दिली, दुसरं टोक स्वतः धरलं. आम्ही घडी घातली. बाबांची पाठ हलली नाही. त्यांनाही ते ऐकू गेलं होतं.